अकरावीनंतरच्या सुट्टीत इमर्जन्सी ट्रेनिंग कंपनीत इंटर्नशिप मिळतेय, जाऊ का?

वडगाव_बुद्रुक_११वी

नमस्कार सगळ्यांना, इथे पहिल्यांदाच लिहितेय. मी अकरावी सायन्सला आहे, पीसीएमबी घेतलंय, वडगाव बुद्रुकला राहते. मध्यंतरी आमच्या सोसायटीत एका रविवारी सीपीआर (हृदय बंद पडलेल्याची छाती दाबणं) आणि आगीचं ट्रेनिंग झालं. छोटी कंपनी आहे, ऑफिस एरंडवण्यात, ते लोक कंपन्यांना, शाळांना, सोसायट्यांना फर्स्ट एड, सीपीआर, आग विझवणं, मॉक ड्रिल म्हणजे खोट्या संकटाचा सराव असं सगळं शिकवतात. सेशन संपल्यावर मी त्यांचे मॅनिकिन म्हणजे ते छातीपर्यंतचे पुतळे बॅगेत भरायला मदत करत होते आणि सारखे प्रश्न विचारत होते, तर मॅडम म्हणाल्या एवढी आवड आहे तर एप्रिल-मेमध्ये इंटर्न म्हणून ये की. स्टायपेंड नाही, येण्याजाण्याचा खर्च देणार आणि शेवटी सर्टिफिकेट. काम काय विचारलं तर 'ट्रेनिंग सपोर्ट' एवढंच म्हणाल्या.

घरी तीन मतं आहेत. आई म्हणते जा. बाबा म्हणतात बारावीचा क्लास एप्रिलपासूनच सुरू होतोय, सीईटी तोंडावर, ह्या सगळ्याला इंजिनिअरिंगच्या किंवा मेडिकलच्या ॲडमिशनला एक मार्क मिळत नाही. आणि आजीला वाटतंय की मला अपघाताच्या ठिकाणी नेतील, रक्त बघायला लागेल, मग मी रात्री झोपणार नाही.

मला मात्र खरंच जायचंय. त्या रविवारी आमच्या सोसायटीतले एक आजोबा, गुडघे दुखत असतानाही खाली सतरंजीवर बसून पुतळ्याची छाती दाबत होते आणि उठताना म्हणाले की आमची ही गेली तेव्हा हे कुणी शिकवलेलं असतं तर निदान हात तरी लावला असता. त्यावर कुणालाच काही बोलता आलं नाही.

तर कुणी अशा ठिकाणी काम केलंय का, सोळा वर्षांच्या मुलीला तिथे नक्की काय करायला देतात, खऱ्या इमर्जन्सीला नेतात का, जायच्या आधी त्यांना काय काय विचारून घेऊ, आणि बाबांना काय सांगू? प्लीज खरं काय ते सांगा, फक्त जा जा म्हणू नका.

सेफ्टीवाला_चाकण

ताई, मी चाकण एमआयडीसीत सेफ्टी ऑफिसर आहे, अशा कंपन्यांचे ट्रेनर आमच्याकडे नेहमी येतात त्यामुळे मी गिऱ्हाइकाच्या बाजूने सांगतो.

आधी आजींसाठी. ट्रेनिंग कंपनी म्हणजे ॲम्ब्युलन्स सर्व्हिस नाही. अपघात झाला की १०८ची गाडी जाते, आग लागली की १०१ फिरवून फायर ब्रिगेड येते, दरड किंवा पूर असेल तर तळेगावजवळच्या सुदुंबऱ्याहून एनडीआरएफची (राष्ट्रीय आपत्ती दलाची) ५वी बटालियन निघते, २०१४ला माळीणला दरड कोसळली तेव्हा तेच जवान ढिगारे उपसत होते. ट्रेनिंग कंपनी ह्यातल्या कुठल्याच ठिकाणी जात नाही. तिचं काम ह्या सगळ्याच्या आधीचं आहे, गाडी येईपर्यंत जो माणूस तिथे उभा आहे त्याच्या हाताला काहीतरी करता यावं एवढंच. तुला कुणी खऱ्या अपघाताला घेऊन जायच्या गोष्टी करत असेल तर ती कंपनी चुकीची, सरळ नाही म्हण.

आता ह्या कंपन्यांना एवढं काम का असतं ते सांगतो म्हणजे तुला बॅचमध्ये कोण भेटणार ते कळेल. १९४८च्या फॅक्टरीज ॲक्टपासून नियम चालत आलाय की दर १५० कामगारांमागे निदान एक फर्स्ट एड बॉक्स आणि तो ज्याच्या ताब्यात त्याच्याकडे फर्स्ट एडचं मान्यताप्राप्त सर्टिफिकेट पाहिजे, आणि तो माणूस कामाच्या वेळात हजर पाहिजे. महाराष्ट्राचा २००६चा फायरचा कायदा आहे, त्यात बिल्डिंगवाल्याने वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, आग विझवायची यंत्रणा चालू असल्याचा फॉर्म बी द्यायचा असतो. त्यामुळे प्रत्येक कंपनीला ट्रेनिंगचा कागद लागतो, आणि गडबड तिथेच आहे, काही जणांना फक्त कागदच लागतो. कॅन्टीनमध्ये साठ लोक बसवायचे, दोन तास स्लाइड दाखवायच्या, पुढे एक मॅनिकिन, पहिल्या रांगेतले तीन-चार जण येऊन दोनदा दाबतात, टाळ्या, फोटो, चहा. मागच्या रांगेतला प्रेस शॉपचा ऑपरेटर तसाच घरी जातो आणि उद्या त्याच्या शेजारचा माणूस पडला की तो फक्त सुपरवायझरला हाक मारणार.

चांगले ट्रेनर एका मॅनिकिनवर सहा-आठच जण घेतात आणि प्रत्येकाला घाम येईपर्यंत दाबायला लावतात. त्याला माणसं लागतात. मुख्य ट्रेनर एकच असतो, बाकी चार मॅनिकिनपाशी कुणीतरी बसून मोजायला, हात नीट ठेवायला, पुढच्याला बोलवायला पाहिजे, तिथे तुझ्यासारखी मुलगी खरोखर उपयोगाची आहे. म्हणून त्यांना पहिला प्रश्न हा विचार की तुमच्या बॅचमध्ये किती माणसं आणि किती मॅनिकिन असतात. उत्तरावरून कंपनी कळेल.

नर्सिंग_सेकंड_इयर

मी बारावीच्या आधीच्या सुट्टीत अगदी हेच केलंय, दुसऱ्या कंपनीत, पुण्यातच. आता बीएस्सी नर्सिंगला आहे. खरं खरं सांगते.

सुरुवातीला निम्मं काम स्वच्छतेचं. मॅनिकिनचे चेहरे अल्कोहोलने पुसायचे, आतल्या फुप्फुसांच्या प्लॅस्टिक पिशव्या बदलायच्या, ट्रेनिंगच्या एईडीच्या (हृदयाला शॉक देणारं यंत्र) बॅटऱ्या बघायच्या, बँडेज मोजून भरायचे, हजेरी, फीडबॅक फॉर्म. कंटाळा येतो, पण हेच मन लावून कर, कारण एखाद्या पुतळ्याची स्प्रिंग बिघडलेली असेल तर पंधरा माणसं चुकीचा जोर शिकून जातात आणि ते कुणाला कळतही नाही.

पुतळ्याचा तो चेहरा कुणाचा माहितीये? आमच्या ट्रेनर सरांनी सांगितलेलं, म्हणून अजून लक्षात आहे. नॉर्वेमधला खेळणी बनवणारा आस्मुंड लार्डाल, त्याने १९६०मध्ये हा पहिला पुतळा केला, तोंडाने श्वास देणं डॉक्टर लोक नुकतंच शिकवायला लागले होते आणि सरावाला काहीतरी पाहिजे होतं. चेहरा घेतला पॅरिसच्या सेन नदीत सापडलेल्या एका अनोळखी मुलीच्या मुखवट्यावरून, असं मानतात. मला हे ऐकल्यावर तो चेहरा पुसताना हात आपोआप हळू व्हायचा.

मग हळूहळू बॅचमध्ये बसवतात. तिथे खरी मजा आहे. तू फक्त बघत बस की लोक कुठे चुकतात. कोपर वाकवतात, त्यामुळे दंडाने दाबतात आणि अर्ध्या मिनिटात दमतात, खांदे हातांच्या बरोबर वर आणले की शरीराचं वजन काम करतं. घाबरून फार भराभर दाबतात, मिनिटाला १०० ते १२०च पाहिजे. दाबायची खोली ५ ते ६ सेंटीमीटर, हे ऐकायला कमी वाटतं पण पहिल्यांदा दाबणाऱ्याला धक्का बसतो की एवढं?? आणि सगळ्यात जास्त चूक म्हणजे छाती पूर्ण वर येऊच देत नाहीत, हातांचा भार तसाच ठेवतात, मग हृदयात रक्त परत भरणार कसं. दोन मिनिटांनी माणूस बदलायचा, पहिलवान असला तरी, कारण दमलाय हे त्याला स्वतःला कळत नाही पण मॅनिकिनचा क्लिक आवाज येईनासा झाला की तुला कळतं.

बायका दाबायला घाबरतात असं सगळे म्हणतात पण मी उलटं पाहिलंय, पुरुष घाबरतात, समोर बाई पडलेली असेल तर. बहुतेक पुतळे पुरुषाच्या छातीचे असल्यामुळे हा प्रश्न सेशनमध्ये येतच नाही आणि नेमका खऱ्या वेळी येतो. तू मुलगी आहेस तर हे बोलायला सोपं जाईल तुला, की काका, छातीच्या मधलं हाड, ओढणी-पदर असला तरी वरूनच दाबायचं, थांबायचं नाही.

आणि मॉक ड्रिल! ती चुकवू नकोस. पेट्रोलियम जेली, टिश्यू पेपर आणि खायचा रंग ह्यातून जखमा बनवतात, आम्ही इंटर्न पेशंट व्हायचो. एका कॉलेजच्या ड्रिलमध्ये मला काळा टॅग होता. ट्रायाज म्हणतात त्याला, जखमी खूप आणि मदत करणारे कमी असले की आधी कुणाकडे जायचं ते ठरवायचं. १९८३मध्ये कॅलिफोर्नियात बनवलेली एक पद्धत आहे, एका माणसाला तीसेक सेकंदच द्यायचे. चालतोय तो हिरवा. श्वास मिनिटाला ३०च्या वर, किंवा नख दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत रंग परत येत नाही, किंवा 'हात दाब' म्हटलेलं कळत नाही, तर लाल, म्हणजे आधी हा. बाकीचे पिवळे. वायुमार्ग उघडूनही श्वास नसेल तर काळा, म्हणजे गेलेला, आणि पुढच्याकडे जायचं. मी पडून होते, एक सेकंड इयरचा मुलगा आला, माझी हनुवटी वर केली, वाट बघितली, टॅग लावला, आणि उठेना. त्याचे सर मागून पुढे चल पुढे चल म्हणतायत आणि तो तसाच. नंतर चहाला तो मला म्हणाला मला माहिती होतं तू नाटक करतेयस तरी जाववेना. ड्रिल ह्यासाठीच असते, ही न जाववण्याची गोष्ट पहिल्यांदा खोट्या ठिकाणी होऊन जाऊ दे. मी नर्सिंगला यायचं त्या चहाच्या वेळी ठरवलं.

पालक_बिबवेवाडी

मुलीचा उत्साह बघून बरं वाटलं पण तिच्या बाबांच्या बाजूनेही कुणीतरी बोललं पाहिजे. माझा मुलगा यंदा बारावीला आहे. एप्रिल-मे हे दोन महिने फुकट गेले तर पुढे भरून काढायला फार ओढाताण होते, हे मी घरात बघतोय. ॲडमिशनला ह्याचा मार्क नाही हे बाबांचं म्हणणं बरोबरच आहे.

दुसरं म्हणजे बिनपगारी. दोन महिने पुतळे पुसायला आणि बॅगा उचलायला एक हुशार मुलगी फुकट मिळत असेल तर कुठल्या कंपनीला नको असेल? माझं म्हणणं नाही की ही कंपनी तशी आहे, पण लिहून घ्या. रोज किती तास, काय शिकवणार, सोबत कोण असणार, चाकण-रांजणगावला न्यायचं असेल तर कुठल्या गाडीतून आणि घरी किती वाजता सोडणार. आई किंवा बाबांनी एकदा ऑफिसला जाऊन त्या मॅडमना भेटून यावं. सोळा वर्षांची आहे ती.

कायद्याचं पण बघा, बालकामगार कायद्यातल्या २०१६च्या दुरुस्तीनंतर १४ ते १८ मधल्या मुलांना धोकादायक कामाला लावता येत नाही. इंटर्न म्हणा नाहीतर काही म्हणा, आगीच्या डेमोला डिझेलचा ट्रे पेटवणं, उंचावरून दोरीने उतरवणं, केमिकल प्लांटच्या आत जाणं, ह्यात तिने नसावं. लांब उभं राहून बघावं.

सेफ्टीवाला_चाकण

@पालक_बिबवेवाडी शंभर टक्के सहमत, ट्रे पेटवायला तर आमच्याकडे मी वीस वर्षांच्या ट्रेनीलाही जवळ येऊ देत नाही. वारा पाठीवर घेऊन, लांब, आणि सुती कपडे. आमच्या गेटवर १८च्या खालच्या कुणाला शॉप फ्लोअरवर सोडतच नाहीत, त्यामुळे ताई, तुझं काम जास्त करून शाळा, सोसायट्या आणि ऑफिसं ह्यातच असेल आणि ते चांगलंच आहे.

अर्धा दिवस मागून बघ. बहुतेक बॅच सकाळीच असतात.

गाडीवरचा_डॉक्टर

मी बीएएमएस, १०८च्या गाडीवर ड्युटी करतो. आपल्याकडे २०१४ला ही सेवा सुरू झाली तेव्हा ९३७ गाड्या होत्या, आणि महाराष्ट्रात गाडीवर डॉक्टर असतो. आता जे लिहितोय ते इंटर्नशिपबद्दल कमी आणि तू तिथे लोकांना काय शिकवावंस ह्याबद्दल जास्त आहे, पण राहवत नाही म्हणून लिहितो.

हृदय बंद पडल्यावर चार ते सहा मिनिटांत मेंदूचं नुकसान सुरू होतं. सीपीआर नसेल तर वाचायची शक्यता दर मिनिटाला ७ ते १० टक्क्यांनी कमी होत जाते. संध्याकाळी सिंहगड रोडवरून किंवा कात्रजच्या चौकातून गाडी काढून बघ म्हणजे कळेल की आम्ही कितीही सायरन वाजवला तरी ते पहिले चार-सहा मिनिटं आमचे नसतात. ते घरच्यांचे असतात, शेजाऱ्यांचे असतात आणि रात्री दोन वाजता सगळ्यात जास्त वॉचमनचे असतात.

म्हणून माझी तुझ्या कंपनीला मनापासून विनंती आहे, सोसायटीत सेशन घ्याल तेव्हा वॉचमन, हाउसकीपिंगच्या मावशी, लिफ्टवाला, ड्रायव्हर ह्यांना मागे खुर्च्या लावायला उभं करू नका, त्यांना पहिलं गुडघ्यावर बसवा. आम्ही गेटवर पोचतो तेव्हा काय होतं सांगतो. गेट बंद, वॉचमन म्हणतो रजिस्टरमध्ये नाव लिहा. तीन विंग, नावाचे बोर्ड झाडाआड. लिफ्ट वरच्या मजल्यावर कुणीतरी सामान लावून अडवलेली. स्ट्रेचर लिफ्टमध्ये मावत नाही. प्रत्येक सोसायटीत एक माणूस गेटवर, एक लिफ्ट धरून, एक पेशंटजवळ, हे तीन जण आधीच ठरलेले असले तर आमचे कितीतरी मिनिटं वाचतात आणि ह्याला कुठलंही यंत्र लागत नाही. फोन करणाऱ्याने फोन ठेवायचा नाही, पत्ता सांगताना जवळची ठळक खूण, सोसायटीचं नाव आणि कुठल्या गेटने आत यायचं ते सांगायचं.

अजून एक, हे फार कमी ट्रेनर नीट दाखवतात. हृदय बंद पडलेला माणूस पहिली काही मिनिटं मधूनच गचके देत श्वास घेतल्यासारखं करतो, घोरल्यासारखा आवाज येतो. घरचे म्हणतात श्वास चालू आहे, आणि थांबून राहतात. तो श्वास नाही. हाक मारून, खांदे हलवून उत्तर नाही आणि श्वास नीट नाही, की सुरू करायचं. तुला तो आवाज काढता येत असेल तर प्रत्येक बॅचला काढून दाखव, एकदा ऐकला की माणूस विसरत नाही.

फिट आली की तोंडात चमचा घालणं, चप्पल हुंगवणं, भाजल्यावर टूथपेस्ट किंवा हळद, साप चावल्यावर वर घट्ट दोरी बांधून ब्लेडने चिरणं, हे सगळं अजून चालू आहे, पुण्यात, शिकलेल्या घरांत. फिट आलेल्याला कुशीवर वळवायचं आणि आजूबाजूच्या वस्तू बाजूला करायच्या. भाजलं की वीस मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली, बर्फ नाही. घोणस चावली तर पाय हलू द्यायचा नाही, जवळ जे मोठं हॉस्पिटल असेल तिथे सापाच्या विषावरचं इंजेक्शन आहे का विचारून सरळ न्यायचं, मांत्रिकाकडे नाही.

आणि लोकांना पोलिसांची भीती वाटते ना, त्यांना सांग की २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४ए कलम आलंय, अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यावर त्यासाठी केस होत नाही आणि नाव सांगायची सक्ती नाही. हे वाक्य सेशनमध्ये दोनदा म्हण.

वडगाव_बुद्रुक_११वी

तुम्ही सगळ्यांनी एवढं लिहिलंत, मी आणि बाबांनी जेवताना सगळं मोठ्याने वाचलं. गाडीवरच्या डॉक्टर सरांचं गेटचं वाचल्यावर बाबा उठून आमच्या चेअरमन काकांना फोन करायला गेले, त्यामुळे बाबांचं मत थोडं हललंय असं मला वाटतंय.

शनिवारी आई आणि मी ऑफिसला जाऊन आलो. बॅचमध्ये एका मॅनिकिनवर आठ जण घेतात, त्यापेक्षा जास्त माणसं असतील तर दोन बॅच करतात असं म्हणाले आणि मॅनिकिन मोजून दाखवले. पहिला आठवडा मी स्वतः शिकणार, परीक्षा देणार, पास झाले तरच बॅचमध्ये बसवणार. सकाळी नऊ ते एक, क्लास संध्याकाळी आहे त्यामुळे जमेल. आगीच्या डेमोला लांब. पुण्याच्या बाहेर नाही. मॅडम किंवा दुसऱ्या एक ताई सोबत असतील. हे सगळं मेलवर लिहून दिलंय. त्यांनी उलट मला विचारलं की वॉचमन आणि मावशींच्या बॅचसाठी मराठीत साधं बोलून समजवायला तू तयार होशील का, त्यांचे ट्रेनर इंग्लिश-हिंदी मिक्स बोलतात आणि समोरचे नुसती मान हलवतात.

आजीला सेफ्टीवाल्या काकांचा पॅरा वाचून दाखवला. ती म्हणाली ठीक आहे पण तिने एक वेगळीच गोष्ट सांगितली, १९६१च्या पानशेतच्या पुराची, ती तेव्हा लहान होती, नारायण पेठेत. कुणी नुसतं धरण फुटलं म्हणून ओरडत पळत होते, कुणी अफवा समजून घरात बसले. ती म्हणाली कुणाला काय करायचं तेच ठाऊक नव्हतं. मला वाटलेलं ती रक्ताला घाबरतेय.

आता दोन गोष्टी विचारायच्यात. एक, माझ्यापेक्षा दुप्पट वयाच्या काका-काकूंना तुमचे हात चुकतायत हे मी कसं सांगू, राग नाही येणार? आणि दोन, हे जरा मनातलं आहे, सगळं शिकल्यावर उद्या खरंच रस्त्यात कुणी पडलं आणि माझे हातच उठले नाहीत तर?

नर्सिंग_सेकंड_इयर

पहिल्याचं सांगते. 'चुकलं' हा शब्दच वापरू नको. शेजारी गुडघ्यावर बस, त्यांच्याबरोबर मोठ्याने मोजायला लाग, आणि एका वेळी एकच सांग. "काका, कोपर सरळ." झालं. ते जमलं की मग "आता पूर्ण वर येऊ दे." तीन गोष्टी एकदम सांगितल्या की माणूस थांबतो आणि तुझ्याकडे बघायला लागतो. फोनवर मेट्रोनोम (ठरलेल्या वेगाने टिकटिक करणारं ॲप) मिनिटाला ११०वर लावून ठेव, म्हणजे हळू-फास्ट तुला सांगावंच लागत नाही, टिकटिक सांगते. आणि ज्यांना गुडघ्यावर बसता येत नाही त्यांना सोडून देऊ नको, मॅनिकिन टेबलावर ठेव, हात कुठे ठेवायचा एवढं तरी कळू दे, आणि त्यांना फोन करायचं आणि मोजायचं काम दे, ते पण कामच आहे. मावशी लोक तर सगळ्यात भारी दाबतात बघ, रोज फरशी पुसून हाताला जोर असतो, एकदा त्यांना कळलं की हे आपल्याला जमतं की मग पुढच्याला त्याच शिकवतात.

गाडीवरचा_डॉक्टर

दुसऱ्याचं मी सांगतो. आमच्या गाडीवर नवीन येणाऱ्या प्रत्येकाचा हा प्रश्न असतो, एमबीबीएसवाल्यांचा पण. मेंदू गोठतो त्यावेळी हात सरावाने चालतात, म्हणूनच पुस्तक वाचून हे शिकवत नाहीत. तू दोन महिने रोज पन्नास माणसांचे हात बघणार, मोजणार, स्वतः दाबून दाखवणार, तुझे हात आपल्याकडच्या बऱ्याच मोठ्या माणसांपेक्षा तयार असतील.

पण सोळाव्या वर्षी तुझं पहिलं काम दाबणं नाही. पहिलं काम मोठ्याने ओरडून माणसं गोळा करणं, एकाकडे बोट दाखवून "तुम्ही, निळा शर्ट, १०८ लावा आणि स्पीकरवर ठेवा" म्हणणं. 'कुणीतरी फोन करा' म्हटलं की कुणीच करत नाही. रस्त्यात असशील तर आधी गाड्या थांबल्यात का बघ, तू स्वतः पडलीस तर आम्हाला दोन पेशंट. मग दाबायला कुणी मोठं माणूस येत नसेल तर तू सुरू कर, आणि आलं तर त्याच्या शेजारी बसून मोज. त्यानंतर तो माणूस वाचला नाही तरी ते तुझ्यामुळे नाही. रस्त्यात पडलेल्यांपैकी बरेच जण हॉस्पिटलमध्येही वाचत नाहीत, आम्ही सगळं करूनही. असा प्रसंग खरंच आला तर त्या दिवशी घरी येऊन आईला सगळं सांग, गप्प बसून राहू नकोस. आमच्याकडे पण वाईट केस नंतर गाडी धुताना आम्ही एकमेकांशी बोलतो.

पालक_बिबवेवाडी

मेलवर लिहून दिलं हे उत्तम झालं, माझी शंका फिटली. एकच, मे महिन्यात क्लासच्या टेस्ट सुरू होतील तेव्हा आठवड्यातले दोन-तीन दिवस कमी करता येतील का हे आत्ताच विचारून ठेव, नंतर मधूनच सोडावं लागलं तर त्यांच्या बॅच अडतात. आणि आमच्या सोसायटीचं सेशन त्या कंपनीकडून करून घ्यायचं असेल तर कसं करायचं ते मला मेसेज कर, वॉचमन आणि मावशींसकट.

सेफ्टीवाला_चाकण

मराठीत बोलायला तुला विचारलं ही मोठी गोष्ट आहे, हो म्हण. आमच्याकडे अर्धी पोरं बिहार-ओडिशाची असली तरी सोसायट्यांत मावशी सगळ्या मराठीच असतात. आठ-दहा वाक्यांचं पाठ करून ठेव, घरी आजींना बसवून त्यांच्यासमोर म्हणून बघ, त्यांना कळलं तर सगळ्यांना कळेल.

नर्सिंग_सेकंड_इयर

शेवटचं, कुणी सांगत नाही म्हणून. जीन्स घालू नको, दिवसभर गुडघ्यावर बसून गुडघ्यामागे कापतं, ट्रॅक पँट किंवा सलवार. नखं कापलेली. केस बांधलेले, बॅचसमोर वाकलीस की तोंडावर येतात. पाण्याची बाटली मोठी, मे महिन्यातल्या सोसायटीच्या हॉलमध्ये पंखा कधीच चालू नसतो. आणि गुडघ्याखाली घ्यायला योगा मॅटचा एक तुकडा कापून बॅगेत ठेव, कंपनीचे मॅट पाहुण्यांना पुरत नाहीत, इंटर्नला तर मिळतच नाहीत. वडगावहून राजाराम पुलावरून ये, सकाळी साडेआठच्या आधी निघालीस तर बस रिकामी मिळेल.